झोतभट्टीच्या आकृतीत पाणी का नाही?

धातूंचा धडा शिकवताना आपण फळ्यावर हमखास काढतो अशी एक आकृती आहे. मध्ये फुगीर, वर-खाली निमुळती होत गेलेली उंच भट्टी. वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी टाकलेली. खालच्या अंगाने आत शिरणारा गरम हवेचा झोत. तळाशी एका बाजूने मळी, तर दुसऱ्या बाजूने वितळलेले लोखंड बाहेर पडते आहे. ही झोतभट्टी. परीक्षेत 'सुबक नामनिर्देशित आकृती काढा' असा प्रश्न आला, की मुले ती डोळे मिटून काढतात. नेमकी याच कारणाने ही आकृती एकदा डोळे उघडून तपासायला हवी.

आधी तिच्या जमेच्या बाजू पाहू, कारण त्या खऱ्या आहेत. घन पदार्थ वरून खाली येतात, वायू खालून वर जातात आणि वाटेत त्यांची गाठ पडते, ही भट्टीची मुख्य कल्पना आकृतीतून चटकन कळते. कोणत्या उंचीवर कोणती अभिक्रिया होते, कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन कसा काढून घेतो, चुनखडीपासून झालेला चुना वाळूसारखी अशुद्धी घेऊन मळी कशी बनवतो, हे एका नजरेत दाखवता येते. रसायनशास्त्राचा एक पाठ म्हणून आकृती आपले काम चोख करते.

आता वर्गात एक साधा प्रश्न विचारून पाहा: 'आतले लोखंड वितळते, मग भट्टी का वितळत नाही?'

मुलांचे उत्तर बहुधा असे येते, की भट्टीला आतून उच्चतापसह विटांचे अस्तर असते. उत्तर चूक नाही. आकृतीतही तेवढेच लिहिलेले असते. पण ते अपुरे आहे, आणि या अपुरेपणामुळे एक चुकीची समजूत मुलांच्या मनात घर करते. भिंत टिकते ती तिच्या अंगच्या बळकटीमुळे, अशी ती समजूत. प्रत्यक्षात, झोत जिथे कोकवर आदळतो तिथे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. लोखंडाचा रस सुमारे १५०० अंशांवर असतो. त्यात मळी विटांना रासायनिक रीतीने खाते आणि वरून उतरणारा माल त्यांना घासत जातो. एवढ्या माऱ्यासमोर नुसती वीट वर्षानुवर्षे टिकत नाही. बाहेरचे कवच तर पोलादाचेच असते आणि वितळण्याच्या कितीतरी आधी, ६०० अंशांच्या आसपासच, पोलाद आपली निम्मीअधिक ताकद गमावते. भट्टी टिकते, कारण भिंतीत शिरलेली उष्णता तितक्याच वेगाने बाहेर वाहून नेली जाते. हे काम पाणी करते. भिंतीत बसवलेल्या धातूच्या पेट्यांमधून आणि पट्ट्यांमधून ते रात्रंदिवस वाहत असते. आकृतीत त्याचा थेंबही नाही.

हवेचा झोत आत सोडणारी जी तोटी असते, तिला कारखान्यात ट्वियर म्हणतात. आकृतीत ती एका छोट्या नळीने दाखवतात. ही तोटी कशाची असेल, हे मुलांना ओळखायला सांगा. कोणी पोलाद म्हणेल, कोणी चिनीमाती म्हणेल. ती असते तांब्याची. तांबे १०८५ अंशांना वितळते, शुद्ध लोखंड १५३८ अंशांना. म्हणजे भट्टीतल्या सर्वांत तप्त जागी लोखंडाच्याही आधी वितळणारा धातू बसवलेला असतो! हे कोडे 'कोण किती ताप सहन करतो' या विचाराने सुटत नाही. 'कोण किती उष्णता पुढे पोचवतो' असा विचार केला, की मात्र लगेच सुटते.

वरच्या वर्गांना हे गणित करून दाखवता येईल. भिंतीच्या दर चौरस मीटरमधून २० लाख वॅट उष्णता जाते आणि भिंत १० मिलिमीटर जाड आहे, असे उदाहरणापुरते धरू. तांब्याची उष्णता-वाहकता सुमारे ४०० आहे (वॅट, मीटर आणि अंश या एककांत). उष्णतेचा ओघ गुणिले जाडी भागिले वाहकता, असे केले की दोन बाजूंच्या तापमानांतला फरक मिळतो. तांब्यासाठी तो फक्त ५० अंश येतो. मागून थंड पाणी वाहते असेल, तर तांब्याची आगीकडची बाजूही वितळण्यापासून फार दूर राहते. पोलादाची वाहकता सुमारे ५० धरली तर फरक ४०० अंश येतो. विटेची वाहकता २ धरली तर उत्तर १०,००० अंश! अर्थ असा, की एवढी उष्णता विटेतून जाऊच शकत नाही. विटेची आतली बाजू तापत राहते आणि शेवटी झिजते किंवा वितळते. उष्णता अडवणारा पदार्थ इथे हरतो आणि ती सोडून देणारा जिंकतो.

भट्टीचा तळ, म्हणजे तिची चूल, याहून नवलाची आहे. आधुनिक भट्ट्यांमध्ये तिथे कार्बनचे मोठमोठे ठोकळे बसवतात. हा पदार्थ उष्णता चांगली वाहून नेतो. बाहेरून तो पाण्याने थंड ठेवला, की त्याला लागून असलेला लोखंडाचा रस थिजतो. भट्टीतल्या लोखंडात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन असल्यामुळे ते सुमारे ११५० अंशांपर्यंत वितळलेले राहू शकते, त्याखाली पूर्ण गोठते. ही गोठलेली साय हेच चुलीचे खरे संरक्षक अस्तर. भट्टी आपले अस्तर स्वतःच, आपल्याच मालातून तयार करते. ती साय झिजली तर उष्णतेचा ओघ वाढतो, पण मागचे पाणी चालू असेल तर ती पुन्हा धरते. भिंत ही अशी एक चालू असलेली क्रिया आहे. आकृतीतली जाड काळी रेघ मात्र तिला निर्जीव वस्तू करून टाकते.

हा तपशील इंजिनियरांचा, शाळेत कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. एका आकृतीत सगळे मावत नाही, हेही खरेच. पण काय गाळायचे हे ठरवताना आपण कोणत्या प्रश्नाचे दार बंद करतो आहोत, ते पाहायला नको का? उष्णतावहन भौतिकशास्त्राच्या धड्यात, लोहनिष्कर्षण रसायनाच्या धड्यात. एकात धातूच्या सळीला मेणाने चिकटवलेल्या टाचण्या पडतात, तर दुसऱ्यात समीकरणे पाठ होतात. दोन्ही धड्यांची गाठ भट्टीच्या भिंतीत पडते आणि ती भिंतच आपण रिकामी सोडली आहे. इतिहासातही या दोन गोष्टी जोडीने आल्या. जेम्स नीलसनने १८२८ साली भट्टीत थंडऐवजी तापवलेली हवा सोडण्याचे पेटंट घेतले. कोळशाची मोठी बचत झाली, पण तोट्या जळू लागल्या आणि म्हणून त्यांना पाण्याने थंड ठेवावे लागले. पुस्तके 'गरम हवेचा झोत' तेवढा सांगतात. त्याची किंमत कशी मोजावी लागली, ते सांगत नाहीत.

आणि ही किंमत नेहमी पैशांत मोजता येत नाही. जे पाणी भिंतीच्या मागे रक्षक असते, तेच भिंतीच्या आत शिरले तर घातक ठरते. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० लिटर जागा मागते. पाणी रसाच्या पृष्ठभागावर सांडले तर बहुधा नुसते उकळून जाते. रसाखाली किंवा मालात अडकले, तर वाफेला वाट मिळत नाही आणि स्फोट होतो. वेल्समधील पोर्ट टॅलबट येथे ८ नोव्हेंबर २००१ रोजी असेच घडले. पाण्याच्या शीतन-व्यवस्थेत बिघाड झाला, पाणी भट्टीत शिरले आणि चूल थंडावली. भट्टी पूर्ववत करण्याचे प्रयत्न चालू असतानाच आतल्या तप्त मालाशी पाण्याचा संयोग होऊन स्फोट झाला. सुमारे ५००० टन वजनाची भट्टी पाऊण मीटर वर उचलली गेली. तीन कामगार मृत्युमुखी पडले आणि बारा जण गंभीर जखमी झाले. तो कारखाना तेव्हा कोरस या कंपनीचा होता. २००७ मध्ये तो टाटा स्टीलकडे आला. ज्या आकृतीत पाणीच नाही, ती आकृती शिकून हा अपघात समजत नाही.

हा विषय आपल्याकडच्या मुलांना परका नाही. कोल्हापूर परिसरात ओतकामाचे कारखाने आहेत, जालन्यात भंगारापासून पोलाद करणारे कारखाने आहेत. तिथल्या विद्युत-प्रवर्तन भट्ट्यांभोवतीचे वेटोळे तांब्याच्या पोकळ नळीचे असते. नळीच्या धातूतून वीज वाहते आणि पोकळीतून पाणी. रसापासून ते पाणी काही सेंटिमीटरवरच असते. ओले भंगार भट्टीत टाकायचे नाही, रस ओतायचे पात्र आधी तापवून कोरडे करायचे, हे नियम तिथला कामगार जिवाच्या काळजीने पाळतो. त्याचे मूल आपल्या वर्गात बसलेले असू शकते. त्याच्या घरात असलेले हे ज्ञान आणि फळ्यावरची आकृती यांची ओळखच होत नाही, ही माझी या आकृतीविषयीची सर्वांत मोठी तक्रार आहे.

दुरुस्ती अवघड नाही. आकृतीतली भिंत एका रेघेऐवजी दोन रेघांची काढावी. त्यांच्यामध्ये खालून आत जाणारा आणि वरून बाहेर पडणारा असे पाण्याचे दोन बाण दाखवावेत. तोटीला 'तांबे, आत पाणी' असे नाव द्यावे. जोडीला तीन छोटे प्रयोग पुरतात.

पहिला: कागदाची घडी घालून डबी करा, तिच्यात पाणी भरा आणि खालून ज्योत धरा. पाण्याच्या पातळीखालचा कागद जळत नाही. दुसरा: तांब्याची जाड सळी आणि लाकडी दांडा या दोहोंवर कागदाची पट्टी घट्ट गुंडाळा आणि ज्योतीत धरा. लाकडावरचा कागद लगेच काळवंडतो, तांब्यावरचा टिकतो. पण पुरेसा वेळ धरला तर तोही जळतो, कारण सळी तापत जाते. नुसते तांबे का पुरत नाही आणि मागे वाहते पाणी का लागते, हे मुलांना इथेच कळते. तिसरा तव्याचा: मध्यम तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब चुर्र करून नाहीसा होतो, तर फार तापलेल्या तव्यावर तो गोळी होऊन नाचत राहतो आणि जास्त वेळ टिकतो. थेंबाखाली वाफेचा पापुद्रा तयार होऊन तो उष्णता अडवतो. लायडेनफ्रॉस्टने १७५६ साली याचे वर्णन केले. भट्टीच्या नळीत पाण्याचा वेग कमी पडला तर असाच पापुद्रा धरतो आणि तांबे वितळते. क्षारांचा थर साचला तरी तेच होते, म्हणून शीतनासाठी वापरायचे पाणी आधी क्षार काढून शुद्ध करावे लागते. ज्योत आणि तवा शिक्षकांनी स्वतः हाताळावा, मुलांनी अंतरावरून पाहावे.

परीक्षेतला प्रश्नही बदलता येईल. 'झोतभट्टीची आकृती काढा' याच्या जोडीला 'तांबे लोखंडाच्या आधी वितळते, तरी हवेची तोटी तांब्याची का?' असे विचारावे. पाठांतराने याचे उत्तर देता येणार नाही.

शेवटी एक मुद्दा. कोकवर चालणाऱ्या भट्टीचे दिवस सगळीकडे सारखे राहणार नाहीत. पोर्ट टॅलबटच्या शेवटच्या दोन झोतभट्ट्या २०२४ साली बंद झाल्या आणि तिथे विजेच्या ठिणगीवर भंगार वितळवणारी भट्टी उभारायचे ठरले. आपण पाठ करून घेतो त्या अभिक्रिया अशा भट्टीत नसतात. पण तिच्या भिंती आणि छप्पर पाण्यानेच थंड ठेवावे लागतात. त्यातून निघालेला पोलादाचा रस अखंड ओतण्यासाठी जो साचा लागतो, तोही तांब्याचा आणि मागून पाणी खेळवलेला असतो. आकृतीत जे आहे ते काही ठिकाणी इतिहासजमा होईल. तिने जे गाळले आहे, ते मात्र माणूस धातू वितळवतो आहे तोवर लागणारच.