वारसा आणि स्वत्व

थोर साहित्यिकाच्या पोटी जन्म घेऊन पुन्हा साहित्याच्याच प्रांतात पाऊल टाकणे हे मोठे अवघड कर्म होय. अनुकरण करावे, तर लोक छाया म्हणतात. बंड करावे, तर त्या बंडाचे मोजमापही घरच्याच गजाने होते. या पेचातून वाट कशी निघते, हे प्रकाश नारायण संत यांच्या कथांवरून पाहण्याचा आमचा विचार आहे.

संतांचे व्यवहारातील नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. जन्म १९३७ चा, बेळगावचा. वडील ना. मा. संत १९४६ साली निवर्तले. आई इंदिरा संत 'शेला' (१९५१), 'मेंदी' (१९५५), 'मृगजळ' (१९५७) या संग्रहांनी मराठी काव्यात अढळ स्थान मिळवत्या झाल्या. पुत्राने भूशास्त्राचा व्यासंग पत्करून कऱ्हाडास अध्यापन केले. 'वनवास' हा पहिला संग्रह १९९४ साली निघाला, तेव्हा त्यांची पन्नाशी कधीच उलटली होती. व्यवहारात संत या नावाचा आधार त्यांना लागला नाही; लेखनासाठी मात्र त्यांनी तेच नाव घेतले. ज्याला मातापित्यांच्या कीर्तीचे भय आहे, तो असे करणार नाही.

आता कथांकडे वळू. मातेच्या कवितेचा विशेष संयम हा होय. दुःख तेथे अल्पाक्षरी होऊन येते. पुत्राचा लंपन याच्या उलट. तो आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी वाढतो आणि पाहिलेले, ऐकलेले, हुंगलेले सारे भरभरून सांगत सुटतो. वियोगाचा विषय दोघांच्या ठायी आहे. परंतु मातेचा वियोग सहचराचा, तर लंपनचा वियोग न कळत्या वयातील मुलाचा. दुःखाला नाव देता येत नाही, म्हणून तो आपल्याला 'म्याड'सारखे होते म्हणतो. हा शब्द इंदिराबाईंच्या कवितेत शोभला नसता. येथे तोच अपरिहार्य वाटतो. पुत्राचे स्वत्व या भाषेत आहे. काळी नदीच्या उगमाकडील दिग्गीसारख्या गावी, जेथे मुलांच्या कानी कोंकणी, कन्नड आणि मराठी एकदमच पडतात, तेथील आम्हां शिक्षकांना कानडी वळणाची ही सीमेवरची मराठी परकी वाटत नाही.

दोषही सांगितला पाहिजे. पुढील संग्रहांत लंपनच्या लकबी वारंवार येतात आणि क्वचित स्मृतीचा गोडवा अनुभवाच्या धारेवर मात करतो. तथापि या कथांत केवळ संतांचे घर शोधत बसणारे वाचक याहून मोठा अन्याय करतात. आत्मचरित्राच्या किल्ल्या लावून कथा उघडली, की पुत्र पुन्हा पुत्रच उरतो, लेखक राहत नाही.

हा अन्याय आम्हीही करीत आलो आहो. वर्गात नवा मुलगा आला, की त्याच्या नावाआधी 'कोणाचा रे तू?' असे आम्ही विचारतो, आणि बाप नामांकित असेल तर त्याची वही त्याच अपेक्षेने उघडतो. लंपनच्या कथा वाचल्यापासून तो प्रश्न विचारताना आमची जीभ अडखळते. वारसा टाकून स्वत्व लाभते असे नाही. मिळालेल्या दुःखाकडे स्वतःच्या जागेवरून पाहता आले, म्हणजे ते लाभते. ती जागा सापडण्यास संतांना अर्धे आयुष्य लागले. आपल्या विद्यार्थ्यांना तेवढी सवड आपण देतो काय?