तबकडी, फाइल आणि पाठभेद

घरातल्या संगीताच्या आणि चित्रपटांच्या संग्रहाविषयी बोलणे निघाले की चर्चा बहुधा तीन मुद्द्यांभोवती फिरते : जागा, खर्च आणि दर्जा. तबकड्या कपाट अडवतात, डाउनलोड खिशात मावते; तबकडी महाग, महिन्याची वर्गणी स्वस्त; आणि आवाज-चित्र कोणाचे सरस, यावर तर जाणकारांची भांडणे कधी मिटायची नाहीत. हे तिन्ही मुद्दे ग्राहकाचे आहेत. समीक्षकाचा मुद्दा चौथा आहे आणि तो सहसा कोणी मांडत नाही. तो मुद्दा पाठाचा आहे. मी जी कलाकृती पाहून वा ऐकून लिहितो, तीच कलाकृती माझा लेख वाचणाऱ्याला वीस वर्षांनी मिळेल का?

हा प्रश्न आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पुरे केले. हजाराहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी तपासली गेली. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथीत एक श्लोक आहे आणि दक्षिणेच्या पोथीत नाही, अशा नोंदींवर ती आवृत्ती उभी आहे. हे काम शक्य झाले, कारण पोथ्या विखुरलेल्या होत्या. मठांत, संस्थानांच्या ग्रंथालयांत, पंडितांच्या घरी. एखाद्या लेखनिकाने आपल्या पोथीत भर घातली, तरी दूर गावच्या पोथीला तिचा पत्ता नसे. सगळ्या प्रती एका रात्रीत बदलण्याची ताकद कोणाकडेच नव्हती. पाठचिकित्सेचा पाया तो हाच.

घरोघरच्या तबकड्यांचे मोल मला या अर्थाने वाटते. तबकडी म्हणजे घरी असलेली पोथी. ओटीटीवरचा चित्रपट म्हणजे एकाच कोठीत ठेवलेली, आपल्याला दुरून दाखवली जाणारी पोथी. कोठीवाल्याने पान बदलले तर ते सर्वांसाठी, एकाच क्षणी बदलते, आणि जुने पान ताडून पाहायला कोणाकडेच उरत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. जॉर्ज लुकस यांनी आपल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये १९९७ सालच्या आवृत्तीपासून वारंवार बदल केले. २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर चित्रपट आला, तेव्हा एका प्रसिद्ध प्रसंगात आणखी एक बदल दिसला. चित्रपटगृहात मूळ दाखवलेला पाठ २००६ साली डीव्हीडीच्या एका संचात जोड-तबकडी म्हणून अधिकृतपणे मिळाला होता. ज्यांच्याकडे ती आहे, त्यांना दोन पाठ शेजारी ठेवून बोलता येते. दिग्दर्शकाला आपली कृती बदलण्याचा हक्क आहे की नाही, हा वेगळा वाद. पण तो वाद घालायलासुद्धा आधीचा पाठ हाताशी लागतो.

आपल्याकडचे उदाहरण अधिक ताजे आणि अधिक अस्वस्थ करणारे आहे. २०१३ सालच्या ‘रांझणा’चा तमिळ अवतार ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला, तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बदललेला शेवट घेऊन. शोकान्तिकेची सुखान्तिका झाली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनीही जाहीर निषेध केला. हक्क मात्र निर्मिती-संस्थेकडे होते. शोकान्त कथेचा शेवट बदलणे म्हणजे तिचा अर्थच बदलणे, हे साहित्याच्या वाचकाला सांगायला नको. उद्या हाच पाठ घरी पोहोचणारा एकमेव पाठ झाला, तर ‘नायकाच्या मृत्यूने चित्रपटाला अर्थ येतो’ असे लिहिणाऱ्या समीक्षकाला वाचक वेड्यात काढतील. २०१३ सालची तबकडी ज्याच्या घरी असेल, तोच त्याचा साक्षीदार.

तरीही तबकडीला मी मूळ पाठ म्हणणार नाही. ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराचेही स्वतःचे पूर्वग्रह असतात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. मैफलीत तासभर चालणारा राग या तीन मिनिटांत बसवताना अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयांनी जे घडवले, ते तबकडीसाठी घडवलेले गाणे होते. त्यावरून त्यांची मैफल जोखणे चूक, आणि त्याला मैफलीचा तुकडा म्हणून हिणवणेही चूक.

‘गीतरामायणा’चे उदाहरण याहून बोलके आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर ते सुरू झाले. गदिमांची छप्पन्न गीते, संगीत सुधीर फडके यांचे. नभोवाणीवर ती वेगवेगळ्या पात्रांसाठी वेगवेगळ्या गायकांनी गायली. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे अशी नावे त्यांत होती. घराघरांत ठेवलेल्या ध्वनिमुद्रिकांवर मात्र ते आले एकट्या बाबूजींच्या आवाजात. मराठी मनाने जे गीतरामायण स्वीकारले, त्यात सीता, कौसल्या आणि राम एकाच कंठातून बोलतात. अनेक आवाजांचे श्राव्य नाट्य एका कथेकऱ्याचे कीर्तन झाले. हा केवढा तरी पाठभेद आहे आणि तो तबकडीने रुजवला. म्हणजे तबकडीही पाठ बदलते; फरक इतकाच की बदलून झाल्यावर ती स्थिर राहते. तिने काय केले, हे पुढच्या पिढीला तपासता येते.

तपासण्याची साधनेही तबकडीच्याच अंगावर असतात. फ्रेड गैसबर्गने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तिच्या तबकड्यांच्या शेवटी ती स्वतःचे नाव इंग्रजीत सांगताना ऐकू येते. लेबलाजवळ कोरलेल्या क्रमांकावरून मुद्रणाचा काळ आणि क्रम लावता येतो. मुंबईत १९९० साली सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन केली. आपल्या ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासाचा मोठा भाग अशा हौशी संग्राहकांनी हे क्रमांक, लेबले आणि कंपन्यांच्या सूचिपत्रिका जुळवून उभा केला आहे. याउलट कोणत्याही ॲपवर एखादे जुने नाट्यपद शोधून पाहा. गायकाचे नाव बहुधा सापडते. नाटक, नाटककार, चाल कोणाची, मुद्रण कधीचे, हे सापडेलच असे नाही. एकाच पदाची दोन मुद्रणे एकाच नावाखाली मिसळलेली मी अनेकदा ऐकली आहेत. गाणे पोहोचते, त्याची कुळकथा वाटेत गळते.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. तबकडी मरते. लाख मिसळून केलेली जुनी ध्वनिमुद्रिका हातातून पडली की फुटते. सीडीतला ॲल्युमिनियमचा पातळ थर हवा लागून खराब होतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात बुरशी तिला सोडत नाही. तबकडी शाबूत राहिली तरी ती वाजवणारे यंत्र मिळेनासे होते. शिवाय आपल्याकडे बहुसंख्य घरांत जी पोहोचली, ती व्हीसीडी. चित्र व्हीएचएस फितीच्या तोडीचे, आणि एक चित्रपट दोन-तीन तबकड्यांत तोडलेला. मोझर बेअर कंपनीने २००७च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा चित्रपट भाजीच्या भावात घरी आला. तीच कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. आणि केवळ वस्तू जपली की झाले, असेही नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती आगीत गेल्या, त्या वस्तूच होत्या.

डाउनलोडचे ऋणही मान्य केले पाहिजे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला जे गाणे ऐकायला पूर्वी एखाद्या संग्राहकाची ओळख काढावी लागे, ते आज त्याच्या फोनवर आहे. आणि संग्राहकांनीच आपल्या तबकड्यांच्या फाइली केल्या, म्हणून ते तिथे आहे.

म्हणून ‘तबकडी की डाउनलोड’ अशी फाळणीच मला चुकीची वाटते. खरी रेषा हातातली प्रत आणि परवानगीची प्रत यांच्यात आहे. कुलूप नसलेली, दहा जणांकडे उतरवून ठेवता येणारी फाइल ही पोथीच आहे. किंबहुना न झिजता नकलता येते, म्हणून तबकडीहून सरस पोथी. उलट ‘विकत घ्या’ असे लिहिलेले बटण दाबून मिळते, ती पुष्कळदा निव्वळ परवानगी असते. २००९ साली ॲमेझॉनने हक्कांच्या घोळामुळे काही ग्राहकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तके परत काढून घेतली. त्यांत ऑर्वेलचे ‘१९८४’ होते, हा नियतीचा विनोद. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले. पण पैसे म्हणजे पुस्तक नव्हे, आणि समासात केलेल्या टिपा तर नव्हेतच. कॅलिफोर्नियात २०२५ पासून अशा विक्रीत ‘ही मालकी नसून परवाना आहे’ हे स्पष्ट सांगणे कायद्याने बंधनकारक झाले. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने लेखाधिकार कायद्यात ६५-अ हे कलम आले. त्याने हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने असे डिजिटल कुलूप तोडणे गुन्हा ठरवले. कुलपाला संरक्षण मिळाले. कुलपाआड काय बदलले, याची नोंद ठेवण्याचे बंधन मात्र दुकानदारावर नाही.

यात आपल्या वाचनसंस्कृतीचाही संबंध येतो. शेमारू ही संस्था १९६२ साली मुंबईत फिरते वाचनालय म्हणून सुरू झाली आणि १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने देऊ लागली. पुस्तक देणारा हातच चित्रपट देऊ लागला, कारण दोन्ही देण्याघेण्याच्या वस्तू होत्या. दिवाळी अंकांचे जगही याच देवघेवीवर उभे आहे. एक अंक वाचनालयातून वीस घरे फिरतो आणि विसाव्या घरी पोहोचतो तो तोच अंक असतो. त्यातली कथा मधल्या काळात कोणी बदललेली नसते.

समीक्षक म्हणून मी संग्रहाला तीनच प्रश्न विचारतो. ही प्रत मला दुसऱ्याला देता येईल का? दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहता येईल का? देणारे दुकान बंद झाले तरी ती राहील का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर ती तबकडी आहे की फाइल, याने मला फरक पडत नाही. उत्तर ‘नाही’ असेल, तर दाखवणारा दाखवील तोवर तिचा आनंद जरूर घ्यावा. पण तिला संग्रह म्हणू नये. आणि ज्या मराठी चित्रपटांचे, नाटकांचे, मैफलींचे जुने पाठ केवळ कोणाच्या तरी कपाटातल्या व्हीसीडीवर वा कॅसेटवर उरले आहेत, ते या पावसाळ्याच्या बुरशीआधी बिनकुलपाच्या फाइलींत उतरवून दोन-चार घरी ठेवावेत. पुढच्या चिकित्सक आवृत्त्यांना पोथ्या याच घरांतून मिळणार आहेत.