नाबाद १३९

आमचं चितेगाव पैठण रस्त्यावरचं. इथला पोरगा रणजी खेळलाच तर महाराष्ट्राकडून; पैठणचा अंकित बावणे तसाच खेळला. म्हणजे मुंबईचा संघ आमचा सख्खा नव्हे, उलट प्रतिस्पर्धीच. तरीही त्या संघाच्या इतिहासातलं एक पान मी पुन्हा पुन्हा उघडतो. मुंबईने रणजी करंडक २०२४ पर्यंत ४२ वेळा जिंकला. माझं पान मात्र हरल्याचं आहे.

मे १९९१, वानखेडे, अंतिम सामना. कपिल देवच्या हरियाणाचे ५२२, मुंबईचे ४१०, पुन्हा हरियाणाचे २४२. मुंबईला हव्या होत्या ३५५. नुसते आकडे एका ओळीत मांडले तरी चढण दिसते.

सुरुवातीला ३ बाद ३४. मग सचिन आणि दिलीप वेंगसरकर. सचिनच्या ७५ चेंडूंत ९६. अठरा वर्षांच्या पोराला अशक्य हा शब्द अजून कुणी शिकवलेला नव्हता. तो गेला आणि डावाचा सूर बदलला. इथून पुढचा डाव म्हणजे मुंबईकर ज्याला ‘खडूस’ म्हणतात, त्या वृत्तीचा अस्सल नमुना. हा शब्द एरवी शिवीसारखा वापरतात; मुंबईच्या क्रिकेटमध्ये ती पदवी आहे.

नववा गडी ३०५ वर पडला. अजून ५० हव्या आणि फलंदाजीला आला अबी कुरुविला, शुद्ध गोलंदाज. दुसरा कुणी असता तर हार मानून बसला असता. वेंगसरकर-कुरुविला जोडीने ४७ जोडल्या. वेंगसरकर मारत होता, पण पायांत गोळे आलेले. त्याच्यासाठी धावायला लालचंद राजपूत उतरला होता.

सगळी गोम इथे आहे. बॅट एकाची, पाय दुसऱ्याचे आणि जीव टांगणीला तिसऱ्याचा. मैदानावर मुंबईचे तिघं उभे. अशा वेळी धाव घेणं म्हणजे तिघांच्या मनाने एकाच क्षणी ‘हो’ म्हणणं. चेतन शर्माच्या षटकात ते जुळलं नाही. कुरुविला धावचीत, सर्व बाद ३५२, मुंबई दोन धावांनी हरली. त्रिफळा उडाला असता, झेल गेला असता, तर गोलंदाजाचं कौतुक करून मोकळं होता आलं असतं. धावचीत होण्यात ती सोय नाही.

आता धावफलकातली ती ओळ पाहा: वेंगसरकर नाबाद १३९. ‘नाबाद’ हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द. नव्वदी ओलांडलेल्या आजोबांनाही आपण तो लावतो. या ओळीत तोच शब्द बोचतो. ज्याला कुणी बाद करू शकलं नाही, त्याच्याकडे आता खेळायला जोडीदारच उरला नव्हता. कसोटीत शंभरावर सामने खेळलेला, लॉर्ड्सवर तीन शतकं ठोकलेला हा माणूस मैदानातच रडला. ते अश्रू पुष्कळांना आठवतात. मला त्याहून ते ‘नाबाद’ जड वाटतं.

काहीजण या सामन्याला मुंबईची नामुष्की म्हणतात. मला ते पटत नाही. ४२ विजयांत एवढ्या ताकदीचं पान मला तरी सापडलेलं नाही.

हरियाणाच्या नावावर रणजी करंडक आहे तो हा एकच.