वीस वॅटचा आवाका

माझे मामा बोटीवर होते. 1980 नंतरच्या कुठल्याशा फेरीहून परतताना त्यांनी एक खोकं आणलं आणि बैठकीच्या खोलीत सतरंजीवर ठेवून सावकाश उघडलं. त्या काळच्या जपानी यंत्रांसारखी चकचकीत रुपेरी पाटी आणि सुया हलणारे मोठे मीटर बाहेर येतील, अशी आम्हा भाचरांची अपेक्षा होती. निघालं ते मातकट करड्या रंगाचं, बुटकं, एका हाताने उचलता येईल असं यंत्र. समोर मोजकीच गोल बटणं, काही दाबायची बटणं आणि पाच इवलेसे दिवे. नाव एनएडी 3020. ताकद दर बाजूला 20 वॅट.

आज ते माझ्याकडे आहे. इतकी वर्षं ऐकून माझं मत असं झालं आहे की घरगुती संगीतासाठी झालेल्या यंत्ररचनांमध्ये इतकी विचारी रचना क्वचितच सापडेल. कविता वाचताना आपण कवीने कुठला शब्द ठेवला आणि कुठला टाळला हे पाहतो. तसंच हे यंत्र वाचण्यासारखं आहे.

एनएडी ही कंपनी 1972 साली लंडनमध्ये सुरू झाली. 3020 आला 1978 साली. त्याची रचना एरिक एडवर्डसेन या नॉर्वेजियन अभियंत्याची, आणि घडवणारे हात तैवानच्या कारखान्यातले. पैसे कमी लागावेत ही अट आधीच होती. त्यामुळे प्रश्न उरला तो एवढाच, की आहे तो पैसा नेमका कुठे घालायचा. एडवर्डसेननी तो दर्शनी भागावर घातला नाही. सगळा आत घातला, आणि आतही ठरावीक जागी.

20 वॅट म्हणजे किती, हे आधी पाहू. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद सुमारे दहापट लागते. साधारण लाउडस्पीकर एका वॅटमध्ये एक मीटरवर 88 डेसिबलच्या आसपास आवाज देतो, आणि एवढ्या आवाजात घरात बोलणंसुद्धा अवघड होतं. म्हणजे संध्याकाळी निवांत गाणं ऐकताना सरासरी एक वॅटही खर्च होत नाही. मग बाकीचे वॅट कशाला? ते क्षणांसाठी. तबल्यावरची किनारीची 'ना' पडते, सतारीवर नखी बसते, त्या क्षणाला ताकदीची मागणी सरासरीच्या दहापट किंवा त्याहूनही वर जाते. आणि लगेच ओसरते.

3020 ची सारी रचना या क्षणाभोवती आहे. प्रयोगशाळेत सलग सूर लावून मोजलं तर ताकद 20 वॅट भरते. संगीतात येतो तसा झटका दिला तर मात्र हे यंत्र त्या क्षणापुरते 40 वॅट देतं. त्याचा वीजपुरवठा सलग ओझ्याखाली थोडा दबतो, पण साठवणीच्या कपॅसिटरमध्ये राखून ठेवलेली वीज क्षणाच्या हाकेला धावून येते. लाउडस्पीकरच्या पाठीवर 8 ओहम छापलेलं असलं तरी तो आकडा स्थिर नसतो. सूर बदलला की अडथळा बदलतो, कधी चारपर्यंत, कधी त्याच्याही खाली येतो. अशा वेळी वीज मागितली तितकी वाहती ठेवणं हे खरं काम. त्यासाठी एडवर्डसेननी 20 वॅटच्या यंत्राला दणकट वाटाव्यात अशा ट्रान्झिस्टरांची जोडी बसवली, 2एन3055 आणि एमजे2955. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग धुंडाळलेल्या कुणालाही 2एन3055 हे नाव नवं वाटणार नाही. हाताने ॲम्प्लिफायर जोडणाऱ्या कितीतरी पोरांची सुरुवात त्याच धातूच्या टोपीपासून झाली. दुर्मीळ म्हणावा असा भाग नाही. तो कुठे आणि कसा वापरला, यात सगळं कसब आहे.

मी यंत्र पारखायला गायिका किशोरीताई आमोणकरांची भूप रागाची रेकॉर्ड लावतो. कारण साधं आहे: त्यात लपायला जागा नाही. पाच स्वर, आणि त्यातही गंधार असा लागतो की खोलीतली हवा स्थिर होते. रेकॉर्डच्या खाचेत हा सूर जसाच्या तसा नसतो. खर्जाचा भाग कापताना दाबलेला असतो, नाहीतर खाचा एकमेकींत शिरतील. तार भाग वाढवलेला असतो, म्हणजे खरखर त्याखाली झाकली जाते. वाजवताना ॲम्प्लिफायरला हे उलट करावं लागतं, दोन्ही टोकांना सुमारे वीस-वीस डेसिबलनी. सुईकडून येतात व्होल्टचे काही सहस्रांश, आणि 20 वॅटला लाउडस्पीकरपाशी साडेबारा व्होल्टहून जास्त लागतात. या कित्येक हजार पटींच्या वाटेवर जरा चूक झाली तर ती तितकीच फुगून कानावर येते. स्वस्त यंत्रांत हा फोनोचा भाग उरकलेला असतो. इथे तो मन लावून केलेला आहे. तानपुऱ्याची जवारी नुसता 'झूं' न राहता तिच्यातले वरचे स्वर एकेक सुटे होतात.

जवारी विरत जाते तो शेवटचा धागा मी नेहमी कान देऊन ऐकतो. दोन ट्रान्झिस्टरांपैकी एक लहरीचा वरचा भाग सांभाळतो, दुसरा खालचा. शून्याच्या रेषेवर एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने उचलायचं. आवाज बारीक असतो तेव्हा लहर सतत त्या रेषेच्या आसपासच फिरते, म्हणून तिथली फट आधी कानाला टोचते. दोघांनाही थोडी वीज देऊन सतत जागं ठेवलं तर ही देवघेव कळत नाही. या यंत्रावर जवारी शांततेत मिसळते ती विनासायास. कुठे संपली ते सांगता येत नाही.

आणि मग मागच्या बाजूचं ते छोटं स्विच, ज्यासाठी मला हे यंत्र सर्वांत प्रिय आहे. 'सॉफ्ट क्लिपिंग'. कुठल्याही ॲम्प्लिफायरला सीमा असते. तिच्यापलीकडे मागितलं की लहरीचा माथा करवतीने कापल्यासारखा सपाट होतो. त्यातून कर्कश उपस्वर जन्मतात आणि उंच स्वरांचा नाजूक ट्वीटर जळूही शकतो. स्विच चालू असलं की सीमा जवळ येताच माथा हळूहळू गोलावतो. मर्यादा तीच, पण तिथे पोचण्याची रीत बदलते. पट्टीच्या वर जाताना थकलेला गवई ओरडत नाही, आवाज आत घेतो, त्याची आठवण येते. एका दिवाळीत भाऊबंद जमले असताना मी आवाज नको इतका वाढवून दोन्ही प्रकारे ऐकलं. स्विच बंद असताना समोरचे पाचही दिवे लागले आणि झांजा काचेसारख्या फुटू लागल्या. चालू केल्यावर गाणं जरा दाटलं, पण गाणंच राहिलं. आपल्या यंत्राचा कमकुवत क्षण आधीच ओळखून त्याची सोय करून ठेवणारा रचनाकार मला मोठा वाटतो.

तिथेच शेजारी दुसरी एक सोय आहे. पुढच्या टप्प्यात शिरायच्या दोन वाटा, 'नॉर्मल' आणि 'लॅब'. नॉर्मल वाटेवर कानाला ऐकू न येणारे फार खोल आणि फार उंच सूर गाळले जातात. वाकलेली रेकॉर्ड फिरताना असे खोल हेलकावे उठतात, कुणाला ऐकू येत नाहीत, पण वॅट मात्र खातात. वीसच वॅट हाताशी असताना ते वाया का घालवायचे?

पुढचा भाग आणि ताकदीचा भाग यांना जोडणाऱ्या इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या धातूच्या दोन कड्या मागे खोचलेल्या असतात. त्या उपसल्या की यंत्राचे दोन भाग होतात, आणि पुढे कधी मोठा ताकदीचा ॲम्प्लिफायर घेतला तर तो जोडता येतो. मामांचा तो बेत पक्का होता. दर फेरीहून परतल्यावर ते म्हणत, पुढच्या खेपेला मोठा आणतो. मग सायंकाळी भूप लावत, आवाजाचं बटण घड्याळातल्या नऊच्या जागेवर ठेवत आणि डोळे मिटून बसत. मोठा काही आला नाही. परवा पाठीमागची धूळ पुसताना पाहिलं, दोन्ही कड्या कारखान्यातून आल्या तशाच घट्ट बसलेल्या आहेत.