प्रायश्चित्त कोणी घ्यायचे?

ख्रिस्ताने वधस्तंभावर जे सोसले ते कोणासाठी? या प्रश्नाकडे आपल्या चळवळीने बहुधा परक्या घरचा प्रश्न म्हणूनच पाहिले. मी ख्रिस्ती नाही, बौद्ध आहे. तरीही हा प्रश्न आपला आहे असे मी मानतो. दुःखाला पावित्र्य बहाल करून दुःखिताला गप्प बसवणे म्हणजे काय, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे.

मराठी ख्रिस्ती साहित्यात ख्रिस्ताच्या मरणाला 'प्रायश्चित्त' म्हणतात. हा शब्द धर्मशास्त्रांतून आला. अस्पृश्याचा स्पर्श झाला की सवर्ण प्रायश्चित्त घेई. १९२७ साली महाडचे चवदार तळे आपण पाणी प्यालो म्हणून 'शुद्ध' करण्यात आले. विटाळ कोणाचा आणि अपराध कोणाचा, हे ठरवणारी व्यवस्थाच या शब्दामागे उभी आहे.

पाश्चात्त्य मांडणीही याहून फार वेगळी नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म म्हणाला, माणसाच्या पापाने देवाच्या मानाला उणेपणा आला. ती भरपाई माणसाच्या आवाक्यातली नाही, म्हणून देवाने मनुष्य होऊन ती केली. ही सरंजामशाहीची भाषा. सोळाव्या शतकात कॅल्विनने त्याला न्यायालयाचे रूप दिले : शिक्षा आपली, भोगली ख्रिस्ताने. सावकाराच्या वहीत जन्म गेलेल्याला हे तारण चटकन पटते. पण ती वही खरी होती, हेही त्याबरोबर त्याच्या गळी उतरते!

बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले. धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांवरील त्यांचे लेखन शासनाच्या इंग्रजी खंडमालेत १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे असे की हिंदू असताना अस्पृश्य आपल्या अवनतीचा दोष स्वतःच्या कर्माला देई. ख्रिस्ती झाल्यावर तो पूर्वजाच्या पापाला देऊ लागला. समाजव्यवस्था दोन्ही वेळा निर्दोष सुटली. बुद्धाला त्यांनी मोक्षदाता नव्हे, मार्गदाता म्हटले, ते उगीच नव्हे.

मात्र वधस्तंभ खालून वाचणारेही आहेत. मी राहतो त्या कॉटन ग्रीनचे नाव मुळात फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चसमोरील मैदानाचे. तेथे कापसाच्या गाठी रचल्या जात. १८६१ ते १८६५ च्या यादवीत अमेरिकेतल्या गुलामांच्या मळ्यांचा कापूस अडला आणि मुंबईचे व्यापारी गबर झाले. त्या गुलामांच्या वंशजांपैकी जेम्स कोन यांनी २०११ साली लिहिले की, काळ्या माणसांना झाडाला फाशी देणे आणि ख्रिस्ताला खिळणे यांना एकत्र पाहिल्याशिवाय क्रूस कळत नाही.

आपल्याकडे अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या धर्मचिंतनाची दिशा मांडली. पुढे त्यांनी ख्रिस्तालाच दलित म्हटले. वधस्तंभावरचा ख्रिस्त म्हणजे मोडलेला, चिरडलेला माणूस. हे पाऊल मोठे आहे. त्याने वेदनेची बाजू बदलली. पण देव हा सेवक आहे आणि दलितांची सेवा त्याच्याच कार्यात सहभाग आहे, असे ते म्हणतात तेथे मी थांबतो. ज्या सेवेला गाव महारकी म्हणे ती टाकून देणे हाच आमचा विद्रोह होता. तिला पुन्हा देव्हाऱ्यात कशाला बसवायचे?

ऋण फिटले असे चर्च सांगते. मग दक्षिणेतल्या कित्येक गावांत दलित ख्रिस्त्यांचे दफन वेगळ्या जागेत का? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती दलित मात्र अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले. चर्चला त्याची जात दिसते, राज्याला दिसत नाही.

वधस्तंभ ही रोमन सत्तेची गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखलेली शिक्षा होती, हे विसरून चालणार नाही. तो ज्यांनी उभारला त्यांच्यावर आरोप ठेवत नाही, तो अर्थ आमच्या उपयोगाचा नाही. दलितांचे दुःख कोणाच्याही पापाची भरपाई नव्हे. प्रायश्चित्त घ्यायचेच असेल तर ते दुःख देणाऱ्याने घ्यावे.