वनस्पतिनामे आणि पर्यायांचा भ्रम

वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ १९२७ साली प्रसिद्ध झाला. मराठीत वनौषधींवर त्यापूर्वी आणि नंतरही पुष्कळ लिहिले गेले. परंतु निघंटूंची परंपरा आणि पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राची शिस्त एका ग्रंथात आणण्याचा इतका नेटाचा प्रयत्न विरळाच. वैद्यकाच्या दृष्टीने त्याची योग्यता मोठी आहे. भाषेच्या अभ्यासकाची दृष्टी मात्र प्रथम नावांच्या ओळीवर अडते. संस्कृत, मराठी, हिंदी, गुजराती अशी नावे एकापुढे एक येतात. परंतु मराठी म्हणून दिलेले नाव कोणत्या भागातले, कोणाच्या तोंडचे, हे सहसा कळत नाही.

हा दोष एकट्या देसायांचा नव्हे. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतही कित्येक शब्दांची बोळवण ‘एक झाड’ एवढ्या अर्थावर झालेली आहे. यादव आणि सरदेसाई यांनी सिद्ध केलेला कोल्हापूर जिल्ह्याचा वनस्पतिग्रंथ शिवाजी विद्यापीठाने २००२ साली प्रकाशित केला. वनस्पतीची शास्त्रीय ओळख बिनचूक व्हावी हा त्याचा हेतू होता. त्याच्याकडून बोलींच्या अभ्यासाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. प्रश्न आहे तो या सर्वांच्या मुळाशी असलेल्या गृहीताचा: एका वनस्पतीची दोन नावे म्हणजे दोन पर्यायशब्द.

काही ठिकाणी हे गृहीत टिकते. कोल्हापूरकडचा टाकळा तो विदर्भातला तरोटा. पहिल्या पावसानंतर कोवळा पाला खुडायचा, हा व्यवहार दोहोंकडे एकच. पण फोडशी आणि मुसळी यांचे काय? क्लोरोफायटम वंशातील या वनस्पतींची पाने पावसाच्या आरंभी भाजीसाठी खुडली जातात, तेव्हा तिला फोडशी म्हणतात. पावसाळा सरल्यावर तिच्याच मुळ्या औषधासाठी खणल्या, की ती पांढरी मुसळी होते. पहिले नाव भाजी निवडणाऱ्या बाईचे, दुसरे वैद्याचे आणि व्यापाऱ्याचे. पाने खुडल्याने झाड मरत नाही, मुळी खणल्याने मरते. ‘फोडशी म्हणजेच मुसळी’ असे लिहिणाऱ्या कोशकाराने शास्त्रदृष्ट्या चूक केलेली नाही. मात्र दोन ऋतू, दोन अवयव आणि दोन परस्परविरोधी व्यवहार त्याने एका स्वल्पविरामात बुजवले. उलट काळी मुसळी आणि पांढरी मुसळी यांची कुळे भिन्न असून केवळ मुळीच्या मुसळासारख्या आकाराने त्या एका नावाखाली आल्या. येथे बोलीचे वर्गीकरण चुकलेले नाही. त्याचा निकष वेगळा आहे, इतकेच.

कळलावीचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. निघंटूंत तिला कलिकारी म्हटले आहे. त्या अंगाने पाहिल्यास कळ म्हणजे कलह. तिचा कंद उगाळून प्रसूतीच्या वेळी लावण्याची रूढी लक्षात घेतली, तर कळ म्हणजे वेण. पहिली व्युत्पत्ती पंडिताला सुचते, दुसरी सुइणीला. व्युत्पत्तिकार सहसा पहिलीचा स्वीकार करून थांबतात. कंद अत्यंत विषारी आहे, तेव्हा हा विषय केवळ शब्दविनोदाचाही नाही.

नावांच्या पलीकडे क्रियापदांचा प्रश्न आहे, आणि तेथे आपले संग्रह अगदीच तोकडे पडतात. ठाणे-पालघरकडे शेवळाची भाजी करतात तेव्हा तिच्यात काकडाची आंबट फळे घालावी लागतात, एरवी घसा खाजतो. राधानगरी-गगनबावड्याच्या डोंगरांत भारंगीचा कोवळा पाला उकडून त्याचे कडू पाणी टाकून देतात. ‘शेवळा: खाद्य’, ‘भारंगी: खाद्य’ अशी नोंद करणाऱ्याने वाक्यातले क्रियापदच गाळले, असे म्हणावे लागेल. वारली, कातकरी, धनगर यांचे ज्ञान खुडणे, खणणे, उकडणे, चेचणे, टाकणे यांत साठलेले आहे. ‘कातकरी’ हे नावच मुळी खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या क्रियेवरून पडले.

या चर्चेला आता व्यवहाराचे टोक आले आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या झाल्या. त्यांच्या नमुन्यात स्थानिक नावाला रकाना आहे, जाणकारालाही आहे. परंतु एका रकान्यात एकच नाव लिहिण्याची सवय लेखनिकाला असते, आणि शास्त्रीय नाव सापडले की उरलेली नावे त्याला अनावश्यक वाटतात. दरम्यान २०२३ च्या दुरुस्तीने अधिकृत ग्रंथांत निबद्ध असलेल्या पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटणीच्या बंधनातून सूट दिली. म्हणजे जे ज्ञान तोंडून ग्रंथात गेले आणि जाताना बोलणाऱ्याचे नाव मागे राहिले, त्यावर बोलणाऱ्याचा हक्क सांगणे आता अधिकच कठीण.

ग्रंथात गेले की नाव पुसलेच पाहिजे असा काही नियम नाही. व्हान ऱ्हीडच्या ‘होर्टस मलबारिकस’चा पहिला खंड १६७८ साली निघाला. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांचे १६७५ चे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे, आणि इट्टी अच्युतन या एळवा वैद्याचे त्याच्या स्वतःच्या लिपीत.