गुंड, पाणी आणि एक खाकी पिशवी

आमच्या वर्ध्याकडे गुंड म्हणजे पाणी भरायचं भांडं. ‘भावेश जोशी सुपरहीरो’ पाहताना हा शब्द डोक्यातून जात नाही, कारण त्यातले गुंड पाणीच पळवतात. विक्रमादित्य मोटवानेचा हा हिंदी सिनेमा १ जून २०१८ला आला. त्याच दिवशी ‘वीरे दी वेडिंग’ही लागला आणि गर्दी तिकडे गेली. मी तो पुढे कधीतरी घरीच, भाच्याला शेजारी बसवून पाहिला. नावात सुपरहीरो आहे म्हणून पोरगं खूश होतं. अर्ध्या तासानं त्यानं विचारलं, “मामा, हा उडते कधी?”

तो उडत नाही. त्याच्याकडे किराणा दुकानात मिळते तशी एक खाकी कागदी पिशवी आहे, डोळ्यांपाशी दोन भोकं पाडलेली. ती डोक्यावरून ओढली की भावेश, सिकंदर आणि रजत या तीन मित्रांपैकी कोणीही ‘इन्साफमॅन’ होतो. समोर कॅमेरा धरायचा, चुकणाऱ्याला हटकायचं आणि तो व्हिडिओ ‘इन्साफ टीव्ही’ नावाच्या आपल्याच चॅनलवर टाकायचा, एवढंच त्यांचं सामर्थ्य.

या पिशवीचा जन्म कुठे झाला ते मोटवाने नेमकं दाखवतो. ही पोरं २०११च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनातली. अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले होते आणि गावोगाव ‘मी अण्णा’ लिहिलेल्या पांढऱ्या टोप्या फिरत होत्या, ते दिवस. ते ओसरले तेव्हा टोप्या खिळ्याला लागल्या. सिनेमात कोणी हे बोलून दाखवत नाही, पण मला ते असं दिसलं, की डोक्यावरची टोपीच घसरत खाली आली आणि तोंडावरची पिशवी झाली. टोपीवर नाव होतं, उसनं का होईना. पिशवीवर काहीच नाही.

सेवाग्रामच्या पंचक्रोशीत वाढलेल्या माणसाला इथे पवनार आठवणारच. १७ ऑक्टोबर १९४०ला वैयक्तिक सत्याग्रह तिथे सुरू झाला. गांधींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांचं नाव आधीच जाहीर केलं होतं. युद्धाविरुद्ध कोण बोलणार, कशासाठी बोलणार, हे पकडणाऱ्यांनाही ठाऊक होतं. चारच दिवसांत विनोबांना अटक झाली. ती लढण्याची एक तऱ्हा, उघड्या तोंडाची. भावेशची त्याच्या नेमकी उलट. म्हणून भावेश भित्रा, असं मी म्हणणार नाही. मालाडच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, पाठीशी ना आश्रम ना पक्ष असलेल्या पोरानं तोंड झाकलं, तर ते समजून घेता येतं.

सिनेमाचा खरा जीव मात्र त्या पिशवीत नाही, सिकंदरच्या पासपोर्टमध्ये आहे. सिकूला नोकरीसाठी अमेरिकेला जायचंय. पोलिसांची पडताळणी अडते आणि एक दिवस तो मुकाट्यानं पैसे सरकवतो. नाट्य काही नाही, पार्श्वसंगीताचा दणका नाही. आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या खिडकीपाशी केलेली ती हालचाल. तीच भावेशला सहन होत नाही आणि दोस्ती तुटते. या प्रसंगात भावेशचा राग येतो, हे विशेष. हा एवढा कोण लागून गेला, असं वाटतं. प्रामाणिक माणसाबरोबर राहणं किती त्रासदायक असतं, हे दाखवायचं धाडस आपल्या सिनेमानं फार वेळा केलेलं नाही.

आणि मग भावेश मरतो. मालाडच्या पाइपलाइनमधलं पाणी टँकरमध्ये कसं जातं, याचा माग काढताना त्याला मारतात. ज्याचं नाव शीर्षकात, तो मध्यावरच संपतो. उरलेला सिनेमा लाच देणाऱ्या सिकूचा आहे. कपाट आवरताना मेलेल्या भावाचा सदरा अंगात घालून पाहावा, तसा तो इन्साफमॅन होतो. प्रियांशू पैन्युलीनं भावेश इतका तापट, चिवट आणि थोडा वेडा रंगवलाय की तो गेल्यावर पडदा रिकामा वाटतो. सिकू झालेल्या हर्षवर्धन कपूरचा चेहरा ती जागा भरू शकत नाही. मुखवटा आला की मात्र तो बरा दिसतो! मोटारसायकलवरचा पाठलाग लांबलाय, पण त्यात हा माणूस धापा टाकतो, घाबरतो, आणि सुपरहीरो घाबरलेला पाहणं मला आवडलं.

या पाण्याच्या धंद्यामागचा राणा झालाय निशिकांत कामत. मराठी प्रेक्षकाला इथे ठसका लागतो. याच कामतनं २००५मध्ये ‘डोंबिवली फास्ट’ दिग्दर्शित केला होता. संदीप कुलकर्णीचा माधव आपटे हा बँकेतला साधा कर्मचारी एक दिवस बॅट घेऊन रस्त्यावर उतरला होता, तोही उघड्या तोंडानं. तेरा वर्षांनी त्या आपटेचा जन्मदाता टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला. निवड मुद्दाम केलेली असो वा नसो, मला ती या सिनेमातली सगळ्यात बोचरी गोष्ट वाटते. कामत ऑगस्ट २०२०मध्ये गेला, त्यामुळे आता ती आणखीच बोचते.

एक गोष्ट खटकते. या सिनेमात बाईला कामच नाही. पाणी चोरलं जातं आणि घागर जिच्या डोक्यावर, ती कुठेच नाही. आमच्याकडे मात्र अशा लढ्याला बायकाच निघतात. आमचा जिल्हा दारूबंदीचा. कोणत्या नाल्याकाठी मोहाची भट्टी लागते, हे गावाला पाठ असतं. ती फोडायला बायका जातात तेव्हा मुखवटा घालून उपयोग नसतो, कारण चालीवरून, बांगड्यांच्या आवाजावरून त्या कोण ते कळतं. दुसऱ्या दिवशी त्याच भट्टीवाल्याच्या घरावरून पाण्याला जायचं असतं. सुपरहीरोला अनोळखी माणसांचं शहर लागतं, हे मला या सिनेमामुळे पहिल्यांदा उमगलं.

सिनेमा संपल्यावर भाच्यानं स्वयंपाकघरातून पिशवी आणली, भोकं पाडली आणि डोक्यात घालून गल्लीत गेला. दोन मिनिटं झाली नाहीत तोच समोरच्या काकूंचा आवाज आला, “काऊन रे, याइचा भाचा नं तू? काढ ते डोक्यातून, समोस्याचं तेल लागून आहे तिले.”